दुभाजकातला दगड

आप्पासाहेब मिस्त्रींनी गॅरेजच्या फळ्यावर मरण कधी लिहिलं नाही. त्यांनी जन्म लिहिले. २९ जानेवारी आली की लिहायचे, आजच्या दिवशी १८८६ साली बेंझसाहेबानं मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १ जूनला लिहायचे, १९४८ साली आज आपली पहिली एसटी पुण्याहून नगरला आली. १४ डिसेंबरला पहिली मारुती मालकाच्या हातात पडली, साल १९८३. शाळेच्या फळ्यावर सुविचार असतो, पंचायतीच्या फळ्यावर पाणीपट्टीची तंबी असते, तसा तांबूळवाडी फाट्यावर टायरांच्या ढिगाशेजारी हा मोटारींचा दिनविशेष. पंक्चर काढायला थांबलेली माणसं चहा पीत तो वाचायची. निम्मी हसायची, निम्मी फोटो काढायची.

तारखा पुरवायचं काम सुकन्याचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं. ती राहुरीला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. सकाळी ग्रंथालयाचं कुलूप उघडायच्या आधी ती आप्पांना फोन लावायची आणि काय काय सापडलं ते वाचून दाखवायची. आप्पा पलीकडून ऐकत, आणि निवड त्यांची असे.

"१७ ऑगस्ट १८९६," एकदा ती म्हणाली होती. "लंडनला ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. रस्त्यानं पायी चालणारं माणूस मोटारीखाली मेल्याची तिकडची पहिली नोंद. मोटार अगदी सावकाश चालली होती म्हणे. चौकशी करणारा अधिकारी म्हणाला, असं पुन्हा कधी घडू नये."

आप्पा म्हणाले, "ही नको."

"का? खरी आहे."

"खरी आसंल. पन गिऱ्हाईक गाडी नीट करून न्यायला येतं सुकू. त्येला निघताना मुडदा दाखवायचा व्हय?"

"मग काय लिहिणार आज?"

"त्या बेंझच्या बायकूचं सांग पुन्यांदा. नवऱ्याला न इचारता गाडी काढून माहेरी गेल्ती ती. ऑगस्टच व्हता ना?"

मागून आईचा, चांगुणाबाईंचा आवाज आला, "आन मला कवा बशिवलं गाडीत? चाळीस वर्सं झाली, दुसऱ्याच्याच गाड्या पुसतो ह्यो मानूस."

ते आप्पा गेल्या कार्तिकात, भर दुपारी, त्याच फळ्यासमोर गेले. रस्त्याच्या पलीकडच्या पदरात एक पिकअप बंद पडला होता. ड्रायव्हरनं हात केला. आप्पा पान्हा घेऊन दुभाजकाच्या फटीतून निघाले. एका ट्रकनं त्यांना वाट दिली, आणि तो ट्रक का थांबला हे न कळलेली एक मोटार त्याच्या डाव्या अंगानं पुढं आली.

ती फट मुळात रस्त्यात नव्हती. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मधे सिमेंटचा दुभाजक सलग आला आणि तांबूळवाडीचे दोन तुकडे झाले. घरं, गॅरेज, बजरंगचं हॉटेल आणि साखर कारखान्याची वाट अलीकडं. शेतं आणि विहिरी पलीकडं. ओलांडायला भुयारी मोरी ठेवली होती, पण ती तेलघाण्याच्या पुढं, लांब, आणि पावसाळ्यात तिच्यात कंबरभर पाणी. एका रविवारी गावानं दुभाजक फोडला. घण आप्पांचा होता. ब्रेकर मशिनला वीजही गॅरेजातून दिली होती. रस्ता झाल्यापासून पलीकडच्या पदरातली गिऱ्हाइकं हात हलवून पुढं निघून जात होती, हे आप्पांना बघवत नव्हतं. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. सुकन्यालाही.

आप्पा गेल्यावर दहाव्याच्या आत रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं फट बुजवायला आली. तेव्हा फटीच्या कडेला, दुभाजकाच्या मातीत, शेंदूर लावलेला एक दगड उभा होता. समोर नारळ फोडलेला, उदबत्ती जळती. माणसांनी गाडी वळवली आणि ती गेली.

दगड मैलाचा होता. जुना रस्ता रुंद करताना जेसीबीनं तो उपटून खड्ड्यात लोटला होता, आप्पांनी तिघांना हाताशी धरून गॅरेजात आणून ठेवला होता. त्याच्यावर नगरचं अंतर मैलांत कोरलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, किलोमीटर यायच्या आधीचा आहे हा, याच्यासमोरून बैलगाड्या गेल्यात. आता त्याच्यावर शेंदराचे इतके थर बसले होते की कोरलेलं काही दिसत नव्हतं. वरून चांदीचे डोळे चिकटवले होते.

वर्षभरात त्या दगडाचे मिस्त्रीबाबा झाले, रस्ताभर. नेवाशापासून नगरपर्यंतचे ट्रकवाले त्यांना ओळखू लागले. भरल्या गाडीला बाबा पंक्चर होऊ देत नाही, अशी ख्याती झाली. जाताना हॉर्न द्यायचा, नाणं टाकायचं. नवी गाडी असली तर थांबून नारळ. थांबायचं कुठं, तर दुभाजकाच्या कडेला, म्हणजे ज्या पदरातून सगळ्यात जोरात गाड्या येतात त्या पदरात.

*

वर्षश्राद्धाला आठवडा असताना सुकन्या रजा टाकून आली. एसटीतून उतरली तर फळ्याला ऑइलपेंट दिलेला. त्यावर बजरंगच्या पोराच्या अक्षरात लिहिलं होतं: श्री मिस्त्रीबाबा प्रथम पुण्यतिथी, भव्य भंडारा, स्थळ दुभाजक. खाली तारीख. ती आप्पा गेल्याची तारीख होती. सुकन्या तिच्याकडं बघत उभी राहिली, मग पिशवी उचलून घरात गेली. घर गॅरेजच्या मागंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई ताट घेऊन निघाल्या. ताटात पंचपाळं, तेलाचा दिवा, जास्वंदीची दोन फुलं. रोजचंच होतं ते. सुकन्या चप्पल अडकवून मागोमाग गेली. आई रस्त्याच्या कडेला थांबली, उजवीकडं बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि चालू लागली. एका उसाच्या ट्रकनं हॉर्न देत वेग कमी केला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले, "चला आई." मागची पांढरी मोटार ट्रकच्या डावीकडून सुटली.

सुकन्यानं आईचा दंड धरून ओढलं. मोटार ताटाला लागली की वाऱ्यानंच ताट उडालं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कुंकू डांबरावर पसरलं. मोटार थांबली नाही. ट्रकवाला तेवढा खाली उतरला, पंचपाळं आणि दिवा उचलून दिला आणि म्हणाला, "बाबानं वाचवलं आई. बाबाच हाय इथं."

"व्हय रं बाबा," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्येंनीच वाचिवलं."

"त्यांना स्वतःला वाचता आलं नाही, आई."

आईनं तिच्याकडं बघितलं. मग पंचपाळं घेतलं, वाट बघितली, आणि उरलेला पदर ओलांडून दगडापर्यंत गेलीच. सुकन्या तिच्या पाठोपाठ गेली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. दिवा लागेपर्यंत दोघींच्या दोन्ही बाजूंनी गाड्या जात राहिल्या, आणि सुकन्याला एक तारीख आठवली, आप्पांनी नाकारलेली: ११ जून १९५५, फ्रान्सातली ल मान्सची शर्यत. एक गाडी उडून प्रेक्षकांत पडली, ऐंशीच्या वर माणसं गेली. शर्यत थांबवली नाही. लोक एकदम निघाले तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असं कारण नंतर देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ती ठरल्या वेळी संपली आणि कोणीतरी जिंकलं.

त्याच दुपारी तिनं ठेकेदाराच्या कॅम्पवर जाऊन राधाकृष्ण नावाच्या इंजिनिअरला गाठलं. पोरगेलासा होता. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ब्लॉक तयार आहेत मॅडम. तेव्हापासून तयार आहेत. पण तिथं देवस्थान आहे."

"देवस्थान नाही. मैलाचा दगड आहे. तुमच्याच रस्त्यातून निघालेला."

"ते तुम्ही म्हणता. मी हात लावला तर संध्याकाळी रस्ता अडवतील आणि उद्या माझी बदली होईल." मग म्हणाला, "घरच्यांनी हलवला तर गोष्ट वेगळी. तुमचे वडील आहेत. तुम्ही उचला, मी अर्ध्या तासात क्रेन आणतो."

"आणि मोरीतलं पाणी?"

"पंप मागितलाय."

"कधी?"

तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. "मागितलाय," एवढंच म्हणाला.

*

बजरंगच्या हॉटेलात भंडाऱ्याची बैठक चालली होती. हॉटेल फटीच्या समोरच. बाबा झाल्यापासून त्यानं पत्र्याचं शेड वाढवलं होतं आणि नारळ ठेवायला लागला होता. सुकन्या आत आली तशी माणसं सरकली. कोणीतरी खुर्ची दिली.

"या ताई, बसा. तुमचीच वाट बघत हुतो. महाप्रसादाला लापशी ठिवावी का बुंदी?"

"बजरंगदादा, भंडारा गावात घ्या. मारुतीच्या पारावर घ्या. मी स्वतः वाढायला येते. पण रस्त्यात नको, आणि ती फट बुजू द्या."

बजरंगनं चहाचा ग्लास तिच्यापुढं ठेवला. "ताई, फट बुजली तर माझं हॉटेल बसंल, आसं वाटतं ना तुमाला? वाटू द्या. बसंल बी. पन मी एकटा न्हाई. ह्ये सहादेव बघा. येचा ऊस पल्याड. आता तोड सुरू झालीय. भरलेली बैलगाडी तेलघाण्यावरनं फिरून आनायची म्हंजी बैलाचा जीव जातो. मोरीत गाडी अडकली तर ट्रॅक्टर लावून वढावी लागती."

"बैलाचा जीव जातो, आणि माणसाचा?"

सहादेव, उसवाला, मिशीतल्या मिशीत म्हणाला, "मानसाला अक्कल आस्ती, बगून जातंय."

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्यानं मान खाली घातली.

"चुकला त्यो," बजरंग म्हणाला. "पन एक सांगा ताई. घण कुनाचा हुता?"

"आप्पांचा."

"मग? त्येंनी गावासाठी वाट केली. त्या वाटंवर त्येंचा जीव गेला. त्येंना देव केलं, ह्यात आमचं काय चुकलं? तुमी शिकल्यासवरल्याल्या, तुमाला दगड दिसतो. देव दगडातच आसतो."

"आप्पांनी तो दगड देव म्हणून नव्हता आणला."

"कुनीच न्हाई आनत. मानूस गेल्यावर हुतो त्यो."

बजरंग खोटारडा असता तर तिला सोपं गेलं असतं. दगड बसवण्यात त्याचा स्वार्थ होता, हे तो लपवत नव्हता. आणि रोज संध्याकाळी हॉटेल बंद करताना तो त्या दगडापुढं खरंच डोकं टेकत होता, हेही तिनं बघितलं होतं. चहा न पिता ती उठली.

*

आईशी बोलायला तिनं दोन दिवस घेतले. शेवटी चांगुणाबाईंनीच विषय काढला. ज्वारी पाखडता पाखडता, सूप न थांबवता म्हणाल्या, "कॅम्पावर गेल्तीस म्हन."

"हो."

"मला सांगून जायचं न्हवतं?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

"न्हाई."

सूप चालू राहिलं. कोंडा दाराकडं उडत होता.

"आई, तू रोज ओलांडतेस. त्या दिवशी मी नसते तर—"

"तू नस्तीसच. वर्सातनं चार बार येतीस. मी बोल लावीत न्हाई, नोकरी हाय तुझी. पन मला हितं कोन हाय? त्येंच्या मागं ह्ये घर ओस पडलं. आता सकाळी ताट घिऊन निगाले की गाड्या थांबत्यात. परमुलखातला ड्रायव्हर मला आई म्हनतो. चाळीस वर्सं त्येंची बायकू हुते, कोन इचारीत हुतं?"

"म्हणून मरायचं?"

"तुमी दोघं बाप-लेक," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि आता सूप थांबलं, "रोज सकाळी फोनवर तारखा सांगत बसायचा. फलान्या देशात ही गाडी निगाली, बिस्तान्या देशात ती गाडी निगाली. कवा एकदा तरी म्हनलीस का त्येंना, आप्पा, ती फट बुजवा म्हनून? मी बी न्हाई म्हनले. मलाबी बरंच पडत हुतं, शेतात जायला. आता त्येंना बुजवून टाकायचं म्हंतीस."

दारात कोंड्याची रेघ पडली होती, ती सुकन्यानं हातानं गोळा केली आणि उगीच बाहेर नेऊन टाकली. परत आली तेव्हा आई तशीच बसली होती.

"मी उद्या दगड काढणार आहे," ती म्हणाली.

"काढ. बाप तुझा हाय. तुझा हक मोडनारी मी कोन?" चांगुणाबाईंनी सूप पुन्हा उचललं. "पन माजा दिवा कुटं लावू, ते सांगून जा."

*

सकाळी दहाच्या सुमाराला सुकन्या गॅरेजातली पहार आणि लोखंडी ट्रॉली घेऊन दुभाजकावर गेली. राधाकृष्णाची क्रेन कडेला लांब उभी होती, आणि तो स्वतः आत बसून राहिला. हॉटेलातून माणसं बाहेर आली. शेताकडं निघालेल्या बाया थांबल्या. कोणी पुढं झालं नाही आणि कोणी आडवंही आलं नाही. मुलगीच आहे, तिला अडवायचं कसं, हे बजरंगलाही सुचत नसावं.

दगड खोल बसवला होता. तिनं पहारीनं भोवतीची माती उकरली. शेंदूर आणि तेल हाताला लागून पहार निसटत होती. नाणी मातीत निघत होती, ती ती बाजूला सारत होती. गाड्या जाताना हॉर्न देत होत्या, नेहमीसारखे. काय चाललंय हे त्यांना कुठं माहीत.

रंगुबाई, शेजारची, जिच्या मांडीवर सुकन्या लहानपणी झोपत असे, रस्त्याच्या कडेवरून ओरडली, "बापाला उपटायला आली गं! शिकिवलं ते ह्येच्यासाठी? जळ्ळं तुझं शिक्षान!"

सुकन्यानं मान वर केली नाही. दगड हलला. एका बाजूला कलला, आणि तेव्हा सहादेव न बोलता पलीकडून आला, त्यानं दुसऱ्या अंगाला खांदा लावला, दगड ट्रॉलीत आडवा केला आणि तिच्याकडं न बघताच परत गेला. 

तिनं ट्रॉली ढकलत रस्ता ओलांडला. घराचं दार बंद होतं. दगड तिनं परसात, तुळशीच्या कट्ट्याला टेकवून उभा केला, आणि दाराशी जाऊन म्हणाली, "आई, इथं ठेवलाय." आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच.

दुपारपर्यंत क्रेननं सिमेंटचे ब्लॉक फटीत बसवले. छातीएवढे उंच होते. राधाकृष्णानं फोटो काढले, कुठंतरी पाठवले आणि तो निघून गेला. एक ट्रकवाला सवयीनं थांबला, ब्लॉककडं बघत बसला, मागून शिव्या आल्यावर पुढं गेला. बजरंगनं नारळाची टोपली आत घेतली.

संध्याकाळी सुकन्या गॅरेजच्या ओट्यावर बसली होती. फळ्यावरचा ऑइलपेंट घासून निघतो का हे बघायला ती रॉकेलचा बोळा घेऊन आली होती, पण हात तसाच राहिला. समोर, रस्त्याच्या पलीकडं, शेतातून परतलेल्या बाया कडेला गोळा झाल्या होत्या. डोक्यावर गवताचे भारे, हातात विळे. त्यांच्यातल्या एकीनं तेलघाण्याच्या दिशेनं बघितलं. कोणी तिकडं वळलं नाही. मग रंगुबाई पदर खोचून पुढं झाली आणि पलीकडचे पदर ओलांडून ब्लॉकपाशी आली.

आधी फटीतून जायला चार पावलं लागायची. आता तिनं भारा ब्लॉकवर ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. मग हात टेकून चढायला लागली. पाय पुरत नव्हता. तिच्या पाठीमागून गाड्या जात होत्या, इतक्या जवळून की वाऱ्यानं तिचं लुगडं ब्लॉकला चिकटत होतं. अर्धी वर येऊन ती तिथंच पोटावर अडकली.

सुकन्या बोळा टाकून उठली. उजवीकडं बघितलं, थांबली, पुन्हा बघितलं आणि धावत दुभाजक गाठला.

रंगुबाई तिला बघून आधी तोंड फिरवणार होती. फिरवून कुठं जाणार? "बगतीस काय भवाने," ती म्हणाली, "भारा धर आधी."

सुकन्यानं भारा घेतला. मग हात दिला. रंगुबाईचा हात खरखरीत आणि घामानं ओला होता, आणि तिचं सगळं वजन त्याच्यावर आलं. उतरल्यावर दोघी ब्लॉकच्या सावलीत, एका पावलाएवढ्या जागेत उभ्या राहिल्या. समोरचा पदर रिकामा व्हायची वाट बघत.

"उद्या येशील का हात द्यायला?" रंगुबाईनं विचारलं. चिडून नाही, नुसतंच.

सुकन्याची रजा श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. ब्लॉकच्या पलीकडून कोणीतरी दुसरा भारा वर ठेवला होता, आणि तो हळूहळू त्यांच्या अंगावर कलत होता.